तळचा थर, डावा कोपरा

११ फेब्रुवारी

भावजी,

पार्सल काल पोचलं. कोट, टॉर्च, लोकरी टोपी, जेवणाचा डबा, सगळं मिळालं. डबा घासून पाठवलात. तसाच पाठवला असतात तरी चाललं असतं. कोट कपाटात टांगलाय. खिसे तपासायला हात धजला नाही.

तुम्ही ह्यांना ट्रकमधून घरी आणलंत त्या दिवशी मला काही विचारायचं सुचलं नाही, आणि तुम्हीही मान वर केली नाहीत. आता महिना होत आला, म्हणून विचारते. बावीस हिवाळे हे तुमच्याबरोबर त्या बियाण्याच्या बटाट्यांच्या तळघरांवर राखणीला राहिले. नोव्हेंबरात जायचे, एप्रिलमध्ये परत यायचे, आल्यावर आठ दिवस अंगाला मातीचा वास. ह्या खेपेला जानेवारीतच आले, तेही असे.

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, "हृदयक्रिया बंद पडल्याने." हृदयक्रिया तर सगळ्यांचीच बंद पडते, भावजी. ती कशाने बंद पडली ते लिहायला खाली जागा होती. मी पट्टी लावून पाहिली, दोन ओळी सहज बसल्या असत्या.

तुम्ही ह्यांचे चुलत भाऊ. शेवटी जवळ होता ते तुम्हीच. जसं झालं तसं लिहा. रडणार नाही असं म्हणत नाही, पण शेवटपर्यंत वाचेन.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. ही म्हणाली, "लिहा एकदाचं, नाहीतर खिसा फाटेल." म्हणून बसलोय.

आमचं काम तुम्हाला दादाने सांगितलं असेलच. तळघर नोव्हेंबरात भरलं की बंद. महिन्यातून एकदा दार उघडायचं, एकाने चौदा पायऱ्या उतरून अगदी तळच्या थरातला एक बटाटा काढायचा, त्याला चिठ्ठी बांधायची, आणि वर आणून कापून पाहायचा, आतून सडत तर नाही ना. बाकी बटाट्याला हात लावायचा नाही. बियाणं आहे, एकही घरी न्यायचा नाही.

त्या सकाळी पहिल्या तळघराची तपासणी होती. मी दार उघडलं. दादा वरच्या पायरीवर उभा राहिला आणि तिथेच कोसळला. खाली उतरलाच नाही. टॉर्च हातात होती, चालूच होती. मीच ती बंद केली.

एक गोष्ट त्याने तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. पण आता झाकून काय उपयोग. दोन वर्षांपासून त्याच्या छातीत कळ यायची. इथल्या डॉक्टरांना दाखवलं होतं. म्हणाला, "तिला कळू देऊ नकोस, उगाच जिवाला घोर."

तुम्ही तब्येतीला जपा. जास्त विचार करू नका.

तुमचा भावजी


२ मार्च

भावजी,

तुमचं पत्र वाचलं, कपाट उघडलं आणि कोटाला म्हटलं, "असं होय."

ह्यांना लपवणं जमायचंच नाही हो. एकदा माझ्यासाठी गुपचूप शाल आणायला गेले आणि दुकानातूनच फोन करून मला विचारलं, निळी घेऊ की तपकिरी. असा माणूस दोन वर्षं छातीतली कळ घेऊन माझ्यासमोर जेवला, झोपला, आणि मला कळलं नाही. मग बाकी काय काय कळलं नाही, असं आता प्रत्येक गोष्टीला वाटतं. जुने फोटो पाहते तेव्हा ह्यांचा हात छातीपाशी आहे का, ते आधी बघते.

मला वेगळीच शंका होती. बंद तळघर, बंद हवा, ह्यांचा जीव गुदमरला असेल. पण तीही गेली. तुम्हाला माहीत आहे, मी बाइंडिंगच्या कारखान्यात शिलाईला बसते. छापून घडी घातलेले सोळा सोळा पानांचे फॉर्मे येतात, ते क्रमाने लावून दोऱ्याने शिवायचे. शाळा सातवीत सुटली, पुढचं माझं शिक्षण असं फॉर्म्याफॉर्म्याने झालंय. सध्या जीवशास्त्राचं पुस्तक चालू आहे. पाचवा फॉर्मा आलाय, सहावा छापखान्यात अडकलाय.

पाचव्यात लिहिलंय, पानांच्या पेशींत हिरवे बारीक कण असतात, हरितलवक. ते उजेड पकडतात. मुळांनी आणलेलं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या उजेडाच्या जोरावर साखर रांधतात, आणि उरलेला ऑक्सिजन बाहेर टाकतात. म्हणजे आपला श्वास हे झाडांचं उष्टं. वाचून बरं वाटलं. बटाटाही वनस्पतीच. मग छतापर्यंत बटाटे भरलेल्या जागेत हवा उलट चांगलीच असणार. तेव्हा गुदमरण्याचं मी मनातून काढून टाकलं. राहिलं ते हृदयच.

ह्यांनी कोणत्या डॉक्टरांना दाखवलं, तेवढं कळवा. मला त्यांना भेटायचंय. औषधाचं विचारायला नाही. समोर बसले तेव्हा हे कसे बसले होते, ते विचारायला.

तुमची वहिनी


१० मार्च

वहिनींना नमस्कार.

त्या डॉक्टरांची बदली झाली. कुठे ते माहीत नाही. शोधू नका, वहिनी. त्यांना काय आठवणार.

इकडचं चाललंय. पहिलं तळघर मालकांनी तेव्हाच रिकामं करून घेतलं. दुसरं मात्र नोव्हेंबरापासून भरलेलं आहे. दादा गेल्यापासून त्याची तपासणीही झाली नाही, कोणी तयारच होत नव्हतं. आता पाच एप्रिलला उघडायचं. आधी मी उतरणार, माझ्यामागून निवडणीला सहा बायका.

खरं सांगू, मला ते दार आवडत नाहीसं झालंय. ह्या वर्षी थंडी कडक, म्हणून मालकांनी दोन्ही तळघरांचे झरोके पोत्यांनी गच्च बुजवून घेतले. एरवी लोखंडी दाराला हात लावला तर बोटं गारठतात. आता ते कोमट लागतं. आतून घाम फुटतो, फटीतून पाणी ओघळतं, गोडसर वास येतो. कान लावला तर वाटतं, आत मोठं काहीतरी निजलंय आणि कूस बदलतंय. मांजर पूर्वी दाराशी बसायचं, ते आता अंगणाच्या पलीकडून जातं. उंबऱ्याच्या फटीशी दोन घुशी मेलेल्या सापडल्या. मालक म्हणाले, औषध खाल्लं असेल. औषध आम्ही कधी घातलं ते मला आठवत नाही.

ही मला हसते. म्हणते, तुमचा म्हातारबा झाला. म्हातारबा म्हणजे आमच्या आधीचा राखणदार. दर खेपेला उतरायच्या आधी कंदील दोरीला बांधून पायरी पायरी खाली सोडायचा, वर उभा राहून बघत बसायचा, आणि मगच पाय टाकायचा. दोन-तीनदा दिवसभर उतरलाच नाही, दार उघडं टाकून बिड्या ओढत बसला. आम्ही म्हणायचो, अंधाराची परवानगी मागतोय. त्याला विचारलं तर एवढंच म्हणायचा, "आधी तो, मग मी." तो गेला, टॉर्च आल्या, कंदील फडताळावर गेला. उजेड टॉर्चचाच चांगला, तळापर्यंत लख्ख.

तुम्ही पुस्तकं शिवता ते बरंय. मन गुंतलेलं राहतं.

तुमचा भावजी


२१ मार्च

भावजी,

हे पत्र बसून वाचा. आणि पाच तारखेच्या आत वाचा.

परवा संध्याकाळी चादर काढायला कपाट उघडलं. ह्यांच्या कोटाच्या उजव्या खिशातून एक पांढरं बोट बाहेर आलं होतं.

मी दार लावलं. खुर्चीवर बसले. गॅसवर दूध होतं, ते उतू जाऊ दिलं. मग गॅस बंद केला, फरशी पुसली आणि पुन्हा दार उघडलं. बोट तिथेच. करंगळीएवढं, मेणासारखं पांढरं, टोकाला जांभळट, आणि दाराच्या ज्या फटीतून थोडा उजेड येतो तिकडे बरोबर वाकलेलं. मी ह्यांना हाक मारली. कोणाला सांगू नका, पण मारली.

खिशात हात घातला तेव्हा थंड, सुरकुतलेलं काहीतरी लागलं. बटाटा होता, भावजी. त्याच्या डोळ्यातून कोंब फुटून उजेड शोधत बाहेर आला होता. बटाट्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. ह्यांचं अक्षर, पेन्सिलीचं. "तळचा थर, डावा कोपरा. १७ जानेवारी."

जो माणूस वरच्या पायरीवर पडला, त्याच्या खिशात तळच्या थरातला बटाटा कसा आला?

हे उतरले होते. चौदा पायऱ्या उतरले, डाव्या कोपऱ्यात वाकून बटाटा काढला, चिठ्ठी लिहिली, नीट गाठ मारली, खिशात ठेवला. छातीत कळ येणारा माणूस एवढी छान गाठ मारत नाही. अक्षर मात्र शेवटी उतरतं झालंय. "जानेवारी"तला शेवटचा री ओळीच्या खाली गेलाय. मी ते अक्षर भिंगाखाली धरून पाहिलं.

काल सहावा फॉर्मा आला. मी सुई खाली ठेवून वाचायला घेतला. मुकादमीण म्हणाली, "शिवायला बसलीस की वाचायला?" मी म्हटलं, "आज वाचायला." माझा चेहरा बघून ती पुढे गेली.

मी निम्मं पुस्तक वाचून शहाणी झाले होते. सहाव्यात लिहिलंय, प्रत्येक जिवंत पेशी श्वास घेते, चोवीस तास. पानसुद्धा. उजेडात पान जेवढा ऑक्सिजन घेतं त्याहून जास्त बाहेर टाकतं, म्हणून त्याचं घेणं आपल्याला दिसत नाही. अंधारात नुसतं घेणं उरतं. बटाट्याला तर पान नाही, हिरवं नाही, उजेड नाही. उन्हाळ्यात पानांनी रांधून मातीखाली पाठवलेलं पीठ तेवढं त्याच्याजवळ असतं. म्हणजे साठवलेलं ऊनच. ते तो हिवाळाभर थोडं थोडं जाळून जिवंत राहतो. ज्योत नाही, धूर नाही. पेशीतल्या तंतुकणिका नावाच्या कणांत ते जळणं चालतं. पण लागतो तोच ऑक्सिजन, निघतो तोच कार्बन डायऑक्साइड, पाणी, आणि थोडी ऊब. दोन्ही फॉर्म्यांतली समीकरणं मी शेजारी ठेवली. ओळ एकच आहे. एक डावीकडून वाचायची, एक उजवीकडून.

तुमचं दार कोमट का लागतं ते आता कळलं. पाणी का ओघळतं तेही. आत काही निजलेलं नाही, भावजी. लाखभर बटाटे आत जागे आहेत आणि नोव्हेंबरापासून त्याच एका हवेवर श्वास घेताहेत. जे सडलेत त्यांच्यावरचे जंतूही घेताहेत. बाहेरची हवा तुम्ही पोत्यांनी बंद केलीत. ती वापरलेली हवा जड असते, पाण्यासारखी तळाशी साठते. तिला रंग नाही. उतरणारा माणूस तिच्यात आधी पाय घालतो, मग कंबर, मग तोंड. वाकून डाव्या कोपऱ्यात हात घालतो तेव्हा तो बुडालेला असतो आणि त्याला ते माहीत नसतं.

म्हातारबांचा कंदील उजेडासाठी नव्हता. कंदील श्वास घेतो. माणसाला लागते तीच हवा त्यालाही लागते, आणि तो माणसाच्या आधी विझतो. त्यांनी ते तुम्हाला समजावून सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही कोणी सांगितलं नसेल, नुसतं करून दाखवलं असेल. तुम्ही त्याला दिवा समजलात आणि त्याहून चांगला दिवा आणलात. टॉर्चला श्वास घ्यावा लागत नाही. ती ह्यांच्या हातात चालूच होती, तुम्हीच लिहिलंय.

पाच तारखेला उतरू नका. त्या बायकांना उतरू देऊ नका. आधी झरोक्यांतली पोती काढा, दार दोन दिवस सताड उघडं ठेवा. मग कंदील सोडा. तो तळाला जळत राहिला तरी कोणी एकट्याने उतरायचं नाही, कंबरेला दोरी आणि वर दोघंजण.

आणि काय झालं ते लिहा. डॉक्टर कोणी नव्हतेच ना?

तुमची वहिनी


१ एप्रिल

भावजी,

उत्तर नाही. हे कार्ड दुसऱ्या टपालाने टाकते. तुमच्या कार्यालयातला फोन दोनदा लावला, मालक म्हणाले, "तो कामात आहे," आणि ठेवून दिला.

बटाटा खिडकीत ठेवलाय. पांढरं बोट चार दिवसांत हिरवं झालं. उजेड मिळताच ते लगेच कामाला लागलं. मी शेजारी खुर्ची ओढून बसते.

तुम्ही रागावून पत्र फाडलं असेल तर फाडा. फक्त कंदील सोडा. मला खोटं सांगितल्याचं नंतर बघू. आधी जिवंत राहा, मग मी तुम्हाला बोलेन.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं होतं. कार्डही मिळालं. मी भ्यालो होतो, म्हणून उत्तर दिलं नाही.

काल सकाळी मालक आले, निवडणीच्या बायका आल्या. मी फडताळावरून कंदील काढला, काच पुसली, रॉकेल घातलं. मालक म्हणाले, "दिवसाढवळ्या कंदील? तुला दिसत नाही का?" त्या बायकांतली थोरली म्हणाली, "त्याची बायको म्हणते तो म्हातारबा झालाय," आणि सगळ्या हसल्या. मी कंदिलाला दोरी बांधली. दार उघडलं. आतून उसासा टाकल्यासारखी ऊबट हवा आली. पोती मी मुद्दाम काढली नव्हती, वहिनी. तुम्ही सांगितलं त्याच्या उलट केलं, ते चुकलंच. पण मला बघायचं होतं. मी उतरणार नव्हतोच. दोरी हातात धरून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, बायकांना मागे सारलं आणि कंदील सोडला.

तिसऱ्या पायरीपर्यंत नीट. पाचवीवर ज्योत बारीक झाली, निळसर झाली. सहावीवर काचेच्या तळाशी जाऊन चिकटली. सातव्या पायरीवर विझली. वारा नव्हता. कोणी फुंकरही मारली नाही.

मग मी टॉर्च लावली. चौदाही पायऱ्या लख्ख दिसत होत्या, वहिनी. खाली ढीग दिसत होता, त्यातून निघालेले पांढरे कोंब दिसत होते, हातभर लांब, सगळे दाराकडे वळलेले. इतकं शांत, इतकं स्वच्छ. उतरून जावं असंच वाटावं. थोरलीने मागून माझा सदरा धरला. कोणी हसत नव्हतं. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. दुपारपर्यंत सगळी पोती निघाली.

आता तुमच्या प्रश्नाचं.

डॉक्टर नव्हते. कळ नव्हती. दादाला साधी सर्दीसुद्धा कधी झाली नाही. तो तुमच्यापासून काही लपवत नव्हता. उलट इथे आम्हालाच तुमची घरातली सगळी बातमी असायची, शालीचा रंगसुद्धा.

त्या दिवशी उतरायची पाळी माझी होती. मी म्हटलं, डोकं धरलंय, आणि शेगडीपाशी बसलो. डोकं धरलेलं नव्हतं. कंटाळा आला होता. दादा म्हणाला, "बस, मी जाऊन येतो, चहा ठेव." मी चहा ठेवला. त्याचा चहा दोनदा गरम केला. तिसऱ्यांदा गरम करायला उठलो तेव्हा लक्षात आलं, की तो अजून आला नाही.

तो खाली, शेवटच्या पायरीशी पडला होता. टॉर्च चालू. मी धावत उतरलो. आठवीवर कानात घंटा वाजायला लागल्या, गुडघे गेले. रांगत वर आलो. तेव्हापासून मला वाटत होतं मी भित्रा, भावाला तिथे टाकून पळालो. आत कुबट वास फार, म्हणून मालकांनी मोठा पंखा आणवला, मग तिघांनी त्याला वर काढलं. मालक म्हणाले, "दारात पडला म्हणून सांग, नाहीतर चौकशी लागेल आणि तळघरं बंद होतील." मी सांगितलं. छातीतली कळ मात्र मालकांनी नाही सुचवली. ती माझी.

काल सगळ्यांसमोर मी हे मालकांना तोंडावर सांगितलं. कामगार खात्याला लिहून दिलंय, त्याची नक्कल सोबत आहे. आता तुम्ही म्हणाल ते.

भावजी


१९ एप्रिल

भावजी,

नक्कल वाचली. "कोसळला" ह्या शब्दाच्या जागी "उतरला" लिहिलंत, ते बरं केलंत.

तुम्ही पाळी चुकवलीत, त्याचा राग आहे. पण त्या दिवशी तुम्ही गेला असतात तर जाऊबाई आज माझ्यासारखं पत्र लिहीत असत्या, हेही मला दिसतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, आणि त्यांची वजाबाकी होत नाही.

पोत्यांचा राग तुमच्यावर नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. मलाही पाचव्या फॉर्म्यापर्यंत उलटंच माहीत होतं.

राग आहे तो कळेचा. महिनाभर मी त्या कोटाशी बोलले नाही, भावजी. रोज कपाट उघडायची, चादर घ्यायची आणि तोंड फिरवून बंद करायची. ज्या माणसाला लपवता येत नव्हतं त्याला तुम्ही मेल्यावर लपवायला लावलंत. हे मी तुम्हाला माफ केलं असं आत्ता लिहिलं, तर ते खोटं होईल, आणि खोटं आपल्या दोघांत पुरे झालं.

त्यापेक्षा असं करा. कंदील दारापाशी खिळ्याला टांगा. टॉर्चही घ्या, मोजायचं यंत्र मिळालं तर तेही घ्या, पण कंदील काढायचा नाही. जो कोणी नवा माणूस येईल त्याला दाखवायचा, आणि नुसता दाखवायचा नाही, का ते सांगायचं. आणि दर तपासणीला मला लिहायचं, ज्योत किती पायऱ्या उतरली. बाकी मजकूर नसला तरी चालेल.

बटाटा मी मोठ्या डब्यात मातीत लावलाय. तुमच्या नियमाप्रमाणे ती चोरी आहे. मालकांना सांगा, हवं तर मागून घ्या.

वहिनी


१८ नोव्हेंबर

वहिनींना नमस्कार.

ह्या हंगामाची पहिली तपासणी आज झाली. झरोके उघडे. मी दोरी धरली, वर दोघं उभे.

चौदा पायऱ्या. ज्योत हललीसुद्धा नाही.

मग मी उतरलो. तळच्या थरातला बटाटा काढला, डाव्या कोपऱ्यातला. चिठ्ठी तिथेच लिहिली, अक्षर शेवटपर्यंत ओळीवर राहिलं.

बटाटा मालकांनी मागितलेला नाही.

भावजी


२७ नोव्हेंबर

भावजी,

चौदा वाचलं आणि पत्र घडी घालून ह्यांच्या जेवणाच्या डब्यात ठेवलं. पुढचीही तिथेच ठेवीन.

ह्यांच्या बटाट्याचा वेल झाला नाही, झुडूप झालं, खिडकीएवढं. मी नेम केला होता, रोज सकाळी पडदा सरकवून त्याला ऊन द्यायचं आणि मग कामाला जायचं. संध्याकाळी आले की शेजारी बसायची. उजेड गेला की ते द्यायचं थांबतं आणि माझ्यासारखंच नुसतं घ्यायला लागतं. मग मी खिडकी उघडायची. एका झुडपाने कोणी गुदमरत नाही, तेवढं पुस्तकात वाचलंय. तरी उघडायची.

सप्टेंबरात पानं पिवळी पडली, माना टाकल्या. मला वाईट वाटलं. मग डबा उपडा केला. मूळचा बटाटा हाताला लागला नाही, नुसतं साल, ओल्या कागदासारखं, आणि त्यात चिठ्ठीचा दोरा. आतलं सगळं त्याने जाळलं होतं. सालीभोवती सहा नवे होते. ह्या उन्हाळ्याच्या उन्हाचे.

चार जाऊबाईंना पाठवते, त्यांतला एक निवडणीच्या थोरलीला द्यायला सांगा, तुमचा सदरा धरला म्हणून. एक पुढच्या वर्षी लावायला ठेवलाय.

सहावा पुसून कोरडा केला आणि ह्यांच्या कोटाच्या उजव्या खिशात ठेवला. का, ते विचारू नका, मलाही सांगता येणार नाही. काल कपाटातून चादर काढताना खिशावर हात ठेवला. कोटापेक्षा तिथे जरा ऊब आहे असं वाटलं. एका बटाट्याची ऊब हाताला कळत नाही, हेही मला माहीत आहे.

कपाटाचं दार मात्र मी आता पूर्ण लावत नाही.

वहिनी